तंत्रज्ञान, गेम आणि पुस्तके यांचे न्याय्य परीक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात राहून मराठीतून फोन, लॅपटॉप, गेम आणि पुस्तके यांची परीक्षणे लिहू लागल्यापासून काही प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. कधी ते तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार विचारतो, कधी अप्पा बळवंत चौकात गाठ पडलेला लेखक, आणि बहुतेक वेळा नव्याने लिहू पाहणारी मुलेमुली. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

न्याय्य परीक्षण म्हणजे गुण आणि दोष सारख्या मापाने मांडणे का?

मुळीच नाही. चार गुण लिहिले म्हणून चार दोष शोधायचे, हा हिशेब वाण्याच्या तराजूला शोभतो. एखादा फोन अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलमध्ये हातात धरवत नाही इतका तापत असेल, तर त्याच्या पेटीच्या आकर्षक रंगाबद्दल एक परिच्छेद लिहून पारडे सावरणे ही वाचकाची फसवणूक आहे. उलट, एखादे पुस्तक खरोखर चांगले असेल, तर आपण भाबडे ठरू या भीतीने शेवटी दोन दोष काढणेही तितकेच चुकीचे आहे.

माझ्या दृष्टीने न्याय्यपणाची अट एकच आहे. मी कोठे उभा राहून पाहिले, हे वाचकाला कळले पाहिजे. वस्तू कोणाच्या पैशाने आली, किती दिवस वापरली, कोणत्या हवामानात, कोणत्या आवृत्तीवर, गेम किती तास खेळला, पुस्तक पूर्ण वाचले की नाही, लेखकाशी ओळख आहे की नाही, या गोष्टी सांगितल्या की माझ्या मताला किती किंमत द्यायची ते वाचक स्वतः ठरवू शकतो. त्या लपवल्या, तर मत बरोबर असूनही परीक्षण अप्रामाणिक ठरते.

परीक्षण, परिचय आणि जाहिरात यांत फरक काय?

मराठी नियतकालिकांनी हा फरक पूर्वीपासून नीट जपला आहे. पुस्तक नुसते मिळाले, तर त्याची ‘साभार पोच’ छापली जाते. त्यात काय आहे एवढेच सांगितले, तर तो परिचय. आणि ते कसे आहे हे कारणांसह सांगितले, तर ते परीक्षण. जाहिरातीत सांगणाऱ्याला पैसे किंवा लाभ मिळालेला असतो. चारही प्रकारांना समाजात जागा आहे. फक्त एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जे परीक्षण म्हणून खपवले जाते, त्यातले पुष्कळसे पेटी उघडून केलेला परिचय असते.

कंपनीने फुकट दिलेल्या वस्तूचे परीक्षण निःपक्षपाती असू शकते का?

असू शकते, परंतु ते आपोआप होत नाही. फुकट वस्तूचा मुख्य परिणाम असा, की किमतीची झळ लागत नाही. ऐंशी हजारांचा फोन स्वतःच्या बचतीतून घेणारा माणूस त्याच्या प्रत्येक उणिवेवर चडफडतो. तोच फोन टेबलावर आयता येऊन पडला, की तीच उणीव ‘किरकोळ’ वाटू लागते. म्हणून फुकट आलेल्या वस्तूबद्दल लिहिताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. हा फोन घेण्यासाठी मी दुचाकीचा हप्ता पुढे ढकलला असता का?

दुसरा भाग कायद्याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका प्रसिद्ध केली. पैसे, सवलत, भेटवस्तू, सहल, अगदी न मागता आलेली फुकट वस्तू, यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते संबंध म्हणून जाहीर करावे लागतात, आणि तेही सहज नजरेत भरेल अशा जागी. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बहुतेक जण हा खुलासा शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात आणि इंग्रजीत करतात. मराठी परीक्षणाचा खुलासा मराठीत, आणि पहिल्या परिच्छेदात असावा, असे माझे मत आहे. ‘हा फोन कंपनीने तीन आठवड्यांसाठी दिला होता व तो परत केला आहे’ एवढे वाक्य पुरते.

तिसरा भाग प्राप्तिकराचा आहे, आणि तो नवख्यांना ठाऊक नसतो. १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या संदर्भात मिळालेल्या लाभांचे मूल्य वर्षात वीस हजार रुपयांपेक्षा अधिक झाले, तर देणाऱ्याने त्यावर दहा टक्के कर कापण्याची तरतूद लागू झाली. त्या वेळी निघालेल्या स्पष्टीकरणात म्हटले होते, की प्रसिद्धीसाठी मिळालेली वस्तू परत केली तर तो लाभ मानला जाणार नाही, आणि ठेवून घेतली तर मानला जाईल. वस्तू परत करण्याच्या माझ्या शिरस्त्याला अशी सरकारी पुष्टीही मिळाली. शिरस्ता मात्र त्याआधीचा आहे, कारण घरात राहिलेली वस्तू रोज आपली बाजू मांडत राहते.

मग प्रकाशकाकडून आलेले पुस्तकही परत करावे का?

नाही. अभिप्रायार्थ प्रत देण्याची प्रथा सर्वमान्य आहे आणि तीनशे रुपयांच्या पुस्तकाने सहसा कोणाची लेखणी विकत घेतली जात नाही. पुस्तकांच्या जगात मोहाची जागा वेगळी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

फोन किंवा लॅपटॉप किती दिवस वापरून मत द्यावे?

फोनसाठी दोन आठवडे ही माझी किमान मर्यादा आहे. पहिल्या तीनचार दिवसांत नवा फोन आपल्याला न दिसता फोटोंची छाननी, ॲपची जुळवाजुळव अशी कामे करत असतो, त्यामुळे त्या दिवसांतली बॅटरीची नोंद मी धरतच नाही. दिवसांपेक्षा परिस्थिती महत्त्वाची असते आणि ती लिहून ठेवावी लागते. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराचे तापमान ०° ते ३५° सेल्सियस असे देते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, आणि दुचाकीच्या हँडलवर नकाशा दाखवत उन्हात तळपणारा फोन त्याहून गरम होतो. फोन तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग मंदावते किंवा थांबते. तोच फोन डिसेंबरात सकाळी हनुमान टेकडीवर वापरला, तर यातले काहीच घडणार नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. महिना न सांगता त्यांतली एकच छापणे मात्र खरे नव्हे.

बॅटरीची तुलना करताना पडद्याची उजळता, सिम कार्ड आणि चालवलेला व्हिडिओ तेच ठेवावेत, आणि चाचणी किमान तीनदा करावी. दुर्बळ सिग्नल असलेल्या जागी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो व बॅटरी लवकर उतरते. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड आणि बाणेरच्या मोकळ्या गच्चीवर एकाच फोनची नोंद वेगळी येते, ती त्यामुळेच.

हेडफोनचे उदाहरण मला विशेष आवडते. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन त्या आवाजाची उलटी लहर तयार करून त्याला छेदतात. बसच्या इंजिनासारखा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज त्यांना चांगला दाबता येतो. अचानक येणाऱ्या, तीव्र आवाजापुढे ही युक्ती तोकडी पडते. त्यामुळे विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभे राहून ‘हे हेडफोन निकामी आहेत’ असे लिहिणे अन्यायाचे, आणि केवळ शांत खोलीत ऐकून ‘जगाचा विसर पडतो’ असे लिहिणे त्याहून अन्यायाचे.

कंपनीने छापलेले आकडे जसेच्या तसे द्यावेत का?

द्यावेत, पण अर्थासह. आकडे बहुधा खोटे नसतात. ते आपल्याला वाटते त्या गोष्टीबद्दल बोलत नसतात.

वीस हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन चार वेळा चार्ज करील, असा सरळ भागाकार ग्राहक करतो. पॉवर बँकेचा तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे ऊर्जा ७४ वॉट-अवर. फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-अवर मावतात. व्होल्टेज चढवण्या-उतरवण्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते, आणि प्रत्यक्षात फोन तीनेक वेळा भरतो. परीक्षणात ‘तीन वेळा’ हे मोजून लिहिले, की वाचकाचे काम झाले.

‘५१२ जीबी’ची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते, याबद्दल दुकानदाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. तेथे कोणी काही चोरलेले नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज दोनाच्या घातांकाने मोजते. आयपी ६८ या मानांकनातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. त्यातल्या आठचा अर्थ उत्पादकाने जाहीर केलेल्या खोलीवर व तेवढ्याच वेळापुरती बुडी, असा आहे. जोराच्या धारेसाठी वेगळे अंक आहेत. म्हणून आयपी ६८ चा फोन रंगपंचमीच्या पिचकारीसमोर निर्धास्त धरावा, असे त्या मानांकनात कोठेही म्हटलेले नाही, आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक वेळा वॉरंटीत बसतही नाही.

बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणी-ॲपचे, गुण मी देतो, पण त्यांवर निकाल उभा करत नाही. चाचणीचे ॲप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवणारे फोन २०१३ सालीच पकडले गेले आहेत. वीस मिनिटे सलग चालवल्यानंतर उरलेला वेग हा आकडा मला अधिक बोलका वाटतो.

परीक्षणासाठी आलेली वस्तू आणि दुकानातली वस्तू एकच असते का?

नेहमी नाही. कंपनी निवडून, तपासून पाठवते, तर ग्राहकाच्या वाट्याला नशिबाने जे येईल ते येते. शिवाय तेच नाव कायम ठेवून आतले भाग बदलले जातात. २०२१ साली काही एसएसडींच्या, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, बाबतीत असे झाल्याचे उघडकीस आले होते, आणि बदललेली डिस्क जुन्या परीक्षणांपेक्षा बरीच मंद होती. लॅपटॉपमध्ये तर एकाच नावाखाली निरनिराळे पडदे आणि निरनिराळी रॅम मिळते. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक, खरेदीचा महिना आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिण्याचा कंटाळा करू नये. शक्य असेल तेव्हा मी दुकानातून घेतलेली, ओळखीच्या कोणाची तरी वस्तू दोन दिवस मागून घेऊन पडताळा पाहतो. मित्र आता माझे फोन उचलण्याआधी विचार करतात.

मराठी वाचकासाठी वेगळे काय तपासावे?

हा भाग इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही, आणि मराठीत लिहिण्याचे खरे प्रयोजन येथेच आहे. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ कीबोर्डवर सहज मिळतो का? ‘ॲ’ एकसंध अक्षर म्हणून उमटतो, की ‘अ’वर चंद्र चिकटवलेला दिसतो? ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, की हिंदी वळणाचे? ई-पुस्तक वाचताना जोडाक्षरे फुटतात का, शब्द ओळीच्या शेवटी भलत्याच ठिकाणी तुटतो का? बोलून लिहिण्याची सोय ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च सारख्याच सफाईने ओळखते का, आणि आजीच्या कोल्हापुरी हेलाचे काय करते? मी एक ठरलेला, मुद्दाम अडचणीच्या शब्दांनी भरलेला परिच्छेद प्रत्येक उपकरणावर टंकून पाहतो. अनेक महागडी उपकरणे त्या परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीतच अडखळतात.

गेम पूर्ण न खेळता मत देता येते का?

देता येते, किती खेळलो ते सांगून. वीस तास खेळून सोडलेल्या गेमबद्दल ‘वीस तासांनंतर सोडला, कारण अमुक’ हे प्रामाणिक परीक्षण आहे. पहिल्या दोन तासांबद्दल मात्र अधिक बारकाईने लिहावे, कारण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तरच पैसे परत मागता येतात. गेम दोन तासांत आपले खरे रूप दाखवतो की केवळ शिकवणीतच तेवढा वेळ जातो, ही माहिती वाचकाच्या थेट पैशाची आहे.

कोणत्या यंत्रावर खेळलो, हे तर सांगितलेच पाहिजे. ‘सायबरपंक २०७७’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात आला, तेव्हा आधी प्रसिद्ध झालेली परीक्षणे संगणकावरील आवृत्तीची होती, कारण परीक्षकांना तीच दिली होती. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, तो इतका अडखळत होता, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. त्या परीक्षकांनी खोटे लिहिले नव्हते. परंतु ‘कन्सोलची आवृत्ती आम्हाला पाहायला मिळालेली नाही’ हे वाक्य ज्यांनी ठळकपणे लिहिले, त्यांच्या वाचकांचे पैसे वाचले. जे पाहू दिले गेले नाही त्याची नोंद करणे हासुद्धा परीक्षणाचा भाग आहे.

गेम नंतर सुधारला, तर जुने परीक्षण बदलावे का?

जुना मजकूर पुसू नये. तारीख घालून खाली भर घालावी. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ साली आला तेव्हाची निराशा आणि पुढच्या वर्षांतली सुधारणा, दोन्ही खऱ्या आहेत. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याने मात्र पहिल्या दिवसाचाच गेम विकत घेतला होता.

पुण्याच्या स्टुडिओने केलेल्या गेमला झुकते माप द्यावे का?

हा प्रश्न अवघड आहे, कारण मन झुकतेच. २०२० साली आलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. आपल्या गावात बसून कोणी हे केले, याचा आनंद परीक्षणात व्यक्त करायला काहीच हरकत नाही. तो आनंद एका परिच्छेदात लिहावा, आणि लढाईची रचना, कॅमेरा, लांबी व किंमत यांबद्दल पुढच्या परिच्छेदात असे लिहावे, जणू तो गेम पोलंडमध्ये झाला आहे. लहान चमूकडून शेकडो लोकांच्या चमूएवढा पसारा मागू नये, हे खरे. पण बटण दाबल्यावर पात्राने उडी मारावी, ही अपेक्षा लहान-मोठ्या सर्वांकडून सारखीच असते. ‘आपल्या माणसाचे’ म्हणून दोष झाकले, तर तो करणाऱ्यांचाच अपमान होतो.

तारे किंवा गुण द्यावेत का?

मी देत नाही. दिले तर वाचक तेवढेच पाहतो, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ या २०१० च्या गेमच्या निर्मात्यांना मेटाक्रिटिक या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाल्यास अधिकचा मोबदला ठरला होता. सरासरी निघाली ८४. कोणा एका परीक्षकाने कंटाळून सातचा आठ केला असता, तर कदाचित ती ओलांडली गेली असती. साडेसात आणि आठ यांतला फरक मला स्वतःलाच समजावून सांगता येत नसेल, तर त्यावर इतरांची मिळकत टांगणे मला योग्य वाटत नाही.

गुण द्यायचेच असतील, तर तीन म्हणजे काय हे एकदा लिहून ठेवावे आणि मग तीन खरोखर वापरावेत. सगळ्यांना साडेचार देणाऱ्या परीक्षकाकडून वाचकाला काहीच कळत नाही.

लेखक ओळखीचा असेल, तर त्याच्या पुस्तकाचे परीक्षण करावे का?

वर ज्या मोहाचा उल्लेख केला, तो हा. पुण्याचे साहित्यविश्व केवढे? टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात एका संध्याकाळी गेलात, तर ज्याच्या पुस्तकावर लिहिले तो पहिल्या रांगेत, ज्याच्यावर लिहिणार आहात तो चहाच्या टेबलाशी, आणि जो तुमच्या पुस्तकावर लिहिणार आहे तो जिन्यात भेटतो. येथे पैशाची देवाणघेवाण होत नाही, संकोचाची होते. ‘लिहिशील ना रे दोन शब्द?’ या प्रश्नाला नाही म्हणणे फुकट फोन परत करण्यापेक्षा कितीतरी जड जाते.

माझे नियम असे आहेत. घरच्या माणसाच्या, जवळच्या मित्राच्या आणि ज्याच्याशी भांडण झाले आहे त्याच्या पुस्तकावर मी लिहीत नाही. नुसती ओळख असेल, तर ती पहिल्याच परिच्छेदात नमूद करतो. ज्या पुस्तकाचे हस्तलिखित मी वाचले, ज्याला प्रस्तावना किंवा पाठराखण (मलपृष्ठावरचा मजकूर) लिहिली, ते परीक्षणासाठी माझ्यापुरते बाद. आणि प्रसिद्धीपूर्वी मजकूर लेखकाला दाखवत नाही. सनावळीतली किंवा तपशिलातली शंका तेवढी विचारून घेतो.

पुस्तकातील भाषेच्या चुका किती मोजाव्यात?

प्रथम चूक कशाला म्हणायचे ते ठरवावे. मुद्रणदोष हा प्रकाशकाचा आणि मुद्रितशोधनाचा प्रश्न आहे. तो पृष्ठक्रमांकासह व आवृत्ती सांगून नोंदवावा, पण त्यासाठी लेखकाला झोडपू नये. बोली ही चूक नव्हे. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाचे वाक्य सदाशिव पेठेच्या कानाला खटकले, तर ती त्या कानाची मर्यादा आहे, आणि परीक्षकाने तसे कबूल करावे.

या बाबतीत आमच्या शहराचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि मराठी गद्याला एक नवी धार दिली. ग्रंथाबद्दल ठाम, सविस्तर आणि निर्भीडपणे लिहिता येते, हे त्यांच्या लेखणीने दाखवले. त्याच लेखणीने जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवली. निबंधमालेच्या एक वर्ष आधी, १८७३ मध्ये, फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली होती. फुल्यांनी प्रश्न विचारला होता जातीच्या सत्तेचा, आणि परीक्षकाने उत्तर दिले व्याकरणाचे. आज दीडशे वर्षांनी त्या विभक्ती-प्रत्ययांची कोणाला आठवण नाही; प्रश्न मात्र शिल्लक आहे. निबंधमालेचे गद्य मी आजही आवडीने वाचतो. पण एखाद्या नव्या लेखकाच्या पुस्तकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची यादी करण्याची सुरसुरी आली, की मला हे प्रकरण आठवते, आणि यादी करण्याआधी मी तपासतो, की पुस्तकाच्या मुख्य मुद्द्याला मी उत्तर दिले आहे की नाही.

अनुवादित पुस्तकाचे काय?

अनुवादकाचे नाव पहिल्या ओळीत यावे. मूळ भाषा येत असेल, तर निदान दोन प्रकरणे ताडून पाहावीत. येत नसेल, तर तसे सांगून फक्त मराठी वाचनाबद्दल लिहावे. ‘अनुवाद ओघवता आहे’ हे वाक्य मूळ न पाहता लिहिणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. त्यात एके काळी मीही होतो.

कठोर लिहिले, तर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो का?

मी वकील नाही, परंतु कायद्यातला याविषयीचा भाग प्रत्येक परीक्षकाने वाचावा इतका सुरेख आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, दोन्हींत एक अपवाद आहे. लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणावगुणांबद्दल सद्भावनेने दिलेले मत ही बदनामी ठरत नाही, आणि कर्त्याच्या स्वभावाबद्दलही त्या कृतीतून जेवढा दिसतो तेवढे बोलता येते.

त्याखाली दिलेले उदाहरण चक्क पुस्तक-परीक्षणाचे आहे. ‘हे पुस्तक मूर्खपणाचे आहे, लेखक दुबळ्या मनाचा असला पाहिजे’ असे सद्भावनेने म्हणणारा अपवादात बसतो. ‘पुस्तक मूर्खपणाचे आहे यात नवल नाही, कारण लेखक दुबळ्या मनाचा आणि स्वैराचारी आहे’ असे म्हणणारा बसत नाही, कारण लेखकाबद्दलचे त्याचे मत पुस्तकातून निघालेले नाही. ते त्याने बाहेरून आणले आहे. दोन्ही वाक्यांत शिव्या जवळपास त्याच आहेत. फरक फक्त ‘कारण’ कोणत्या दिशेला जाते एवढाच. परीक्षण लिहून झाल्यावर त्यातले प्रत्येक ‘कारण’ मी या कसोटीवर तपासतो.

वस्तूंच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘मला हा पडदा आवडला नाही’ हे मत आहे. ‘या चार्जरने आग लागते’ हे विधान आहे, आणि विधानाला पुरावा लागतो. एका चार्जरला धूर आला असेल, तर ‘मी वापरलेल्या एका चार्जरला धूर आला’ एवढेच लिहावे व फोटो जपून ठेवावा.

परीक्षणात पुस्तकातले उतारे घेता येतात का?

येतात. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ चे कलम ५२ टीका वा परीक्षणासाठी केलेल्या वाजवी वापराला मुभा देते. आकड्यांत मर्यादा दिलेली नाही. उतारा मुद्द्यापुरता असावा, आणि आख्खी कविता छापून खाली ‘किती सुंदर!’ लिहिणे म्हणजे परीक्षण नव्हे.

रहस्य फोडावे का?

नाही. गुण किंवा दोष सांगण्यासाठी शेवट सांगणे अपरिहार्य असेल, तर आधी स्पष्ट इशारा द्यावा.

खरेदीच्या ठिकाणी ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय विश्वासार्ह असतात का?

मधले अभिप्राय वाचावेत. फार खूश आणि फार चिडलेले लोक लिहायला बसतात. ज्यांचे ठीक चालले आहे ते लिहीत नाहीत. त्यामुळे दोन किंवा तीन तारे देऊन कारण सांगणारा माणूस बहुधा वस्तू वापरलेला असतो. पार्सल उशिरा आले म्हणून वस्तूला एक तारा, हा प्रकार मनातल्या मनात वजा करावा. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक स्वरूपात आले. गेमांच्या बाबतीत झुंडीने नकारार्थी अभिप्राय टाकण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१९ पासून स्टीमने विषयाबाहेरची अशी लाट ओळखून ती एकूण गुणांतून वगळायला सुरुवात केली. तरीही झुंडीच्या रागामागे कधी कधी खरे कारण असते, आणि ते शोधणे परीक्षकाचे काम आहे.

परीक्षण लिहिण्यासाठी एआयचा उपयोग करावा का?

शुद्धलेखन तपासायला हरकत नाही. जे पुस्तक आपण वाचले नाही त्याचा सारांश मागवून त्यावर मत देणे ही मात्र जुनीच लबाडी आहे. पूर्वी ती मलपृष्ठ वाचून केली जात असे.

परीक्षणात चूक झाली, तर काय करावे?

काही वर्षांपूर्वी एका फोनबद्दल मी लिहिले, की त्याचा स्पीकर कोंदट आहे, आवाज दबलेला येतो, आणि या किमतीत हे अक्षम्य आहे. ‘अक्षम्य’ हा शब्द मला फार आवडला होता. चार दिवसांनी एका वाचकाने नम्रपणे विचारले, की स्पीकरच्या जाळीवरची पारदर्शक पट्टी काढली होती ना? काढली नव्हती. पेटीतून निघताना संरक्षणासाठी लावलेली ती पट्टी दोन आठवडे तशीच होती, आणि मी तिच्यातून गाणी ऐकत होतो.

मूळ वाक्य खोडून, ते वाचता येईल असे ठेवून, वरच्या बाजूस तारखेसह दुरुस्ती लिहिली. पट्टी काढून पुन्हा ऐकले आणि नवे मत दिले; स्पीकर चांगला होता. फोन परत गेलेला असल्यामुळे त्यासाठी तपकीर गल्लीत जाऊन दुकानातला फोन हातात घ्यावा लागला, आणि दुकानदाराने सर्वप्रथम काय केले असेल, तर जाळीवरची पट्टी सोलून माझ्या हातात ठेवली.